वाचकांचे प्रश्न : घरच्या सीएनसीचा (कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्राचा) कंट्रोलर

प्रश्न (कोल्हापूर) : लाकूड आणि अ‍ॅक्रिलिकसाठी ६०० × ९०० मिमीचा राउटर, म्हणजे कोरणारं यंत्र, करतोय. नेमा २३ मापाच्या, ३ अँपियरच्या चार स्टेपर मोटर (वाय अक्षाला दोन) आणि १६०५ बॉल स्क्रू घेऊन झाले. एक दुकानदार आर्डुइनो ऊनो बोर्ड, त्यावर बसणारी सीएनसी शील्ड आणि मोटरला प्रवाह देणारे ए४९८८ ड्रायव्हर देतो. दुसरा म्हणतो, हे खेळणं आहे, मोशन कार्डच (मोटरना पल्स देणारं खास कार्ड) घ्या. बजेट बेताचं आहे.

उत्तर : पहिल्याचं निम्मं ऐका. ऊनो घ्या, ए४९८८ नको.

ऊनोवर चालणारं जीआरबीएल हे सॉफ्टवेअर सेकंदाला साधारण ३०,००० पल्स (मोटरला एकेक पाऊल टाकायला लावणारे विजेचे ठोके) देतं. तुमची गरज मोजा. मोटरचे फेरीला २०० स्टेप, ड्रायव्हर १/८ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे आठ भाग) म्हणजे १,६०० पल्स, आणि स्क्रू फेरीला ५ मिमी सरकतो. म्हणजे मिमीला ३२० पल्स. मिनिटाला ३,००० मिमी वेगाला सेकंदाला १६,००० पल्स लागतात, त्यामुळे ऊनोला अजून बरीच जागा आहे. पण हेच मायक्रोस्टेप १/३२ केलं की आकडा ६४,००० वर जातो आणि ऊनो मागे पडतो. मायक्रोस्टेप वाढवलं म्हणजे अचूकता वाढते, हा समज बाजूला ठेवा. १/८ वर एक पल्स म्हणजे ०.००३ मिमी. घरी जोडलेल्या फ्रेमची लवचिकता याच्या कितीतरी पट असते.

ए४९८८ मात्र इथे चालणार नाही. हीटसिंकशिवाय तो साधारण १ अँपियर सोसतो, हीटसिंक आणि पंख्यासह फार तर २. तुमच्या मोटरचा प्रवाह ३ अँपियर आहे. चिप तापली की ती स्वतःला बंद करते, थंड झाली की पुन्हा चालू होते. मधले स्टेप गेलेले असतात आणि जीआरबीएलला त्याचा पत्ताच नसतो, कारण मोटरकडून उलट खबर येण्याची सोयच नाही. अर्धं कोरलेलं काम अचानक १० मिमी बाजूला सरकतं ते असं.

मोशन कार्डाचे वाचवलेले पैसे ड्रायव्हरमध्ये घाला. डीएम५४२ जातीचे चार घ्या. ते २० ते ५० व्होल्टवर चालतात, म्हणून ३६ व्होल्टचा, ३५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पुरे. मोटरच्या प्रवाहांच्या बेरजेच्या दोन तृतीयांश धरले तर ८ अँपियर होतात, आणि हा साडेनऊच्या पुढे देतो. बजेट अगदीच ताणलं जात असेल तर टीबी६६०० घ्या, पण त्याची कमाल मर्यादा ४२ व्होल्ट आहे. जड गॅन्ट्री (सरकती कमान) थांबताना मोटर उलटी वीज परत ढकलते आणि व्होल्टेज वर चढतं, म्हणून टीबी६६०० ला २४ व्होल्टच द्या. वरचा वेग कमी मिळेल.

मोठे ड्रायव्हर बाहेर असल्यावर शील्डची गरजच उरत नाही. ऊनोच्या पिन २, ३, ४ वर एक्स, वाय, झेडचे स्टेप आणि ५, ६, ७ वर दिशा मिळते. त्या ड्रायव्हरच्या पीयूएल+ (स्टेप) आणि डीआयआर+ (दिशा) या टोकांना जोडा. दोन्हींची उणे टोकं ऊनोच्या ग्राउंडला. वायचे दोन्ही ड्रायव्हर ३ आणि ६ वरच समांतर येतील. एक मोटर उलटी फिरली तर तिच्या एकाच कॉइलच्या दोन तारा आपसात बदला. एनेबलची (ड्रायव्हर चालू-बंद करणारी) टोकं मोकळी सोडा, ड्रायव्हर चालूच राहतात. एनेबलच्या पिन ८ वर चार ड्रायव्हर लटकवले तर प्रत्येकी साधारण १० मिलिअँपियरप्रमाणे ४० होतात आणि तीच त्या पिनची कमाल मर्यादा आहे.

डीएम५४२ च्या स्विचवर प्रवाह आधी २.८४ अँपियर ठेवा. मोटर हाताला सोसवेना इतकी तापली तर एक पायरी खाली या. आणि वीज चालू असताना मोटरची तार कधीही काढू नका, ड्रायव्हर जागच्या जागी जळतो. एसएमपीएसच्या बाजूला ११५/२३० ची सरकती कळ असेल तर ती आधी २३० वर आहे का पाहा, मगच प्लग लावा.

प्रश्न (नाशिक) : मशीनवरची कोरणारी राउटर मोटर चालू केली की मशीन मधेच ‘अलार्म १’ देऊन थांबतं. लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारा) दाबलेलाच नसतो. बोर्ड बदलला तरी तेच.

उत्तर : बोर्डाचा दोष नाही. अलार्म १ म्हणजे हार्ड लिमिट लागली, असं जीआरबीएलला वाटलं. कार्बन ब्रशच्या राउटरमध्ये ठिणग्या उडतात. त्याची वायर आणि लिमिट स्विचची वायर एकाच केबल चेनमधून जात असेल, तर स्विचची वायर अँटेनाच होते. ऊनोच्या आतला पुल-अप रेझिस्टर (पिन ५ व्होल्टकडे ओढून धरणारा) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फारच दुबळा. एवढ्याशा धक्क्याने पिनची पातळी बदलते.

स्विच ‘एनसी’ टोकांवर, म्हणजे नेहमी जोडलेले, लावा आणि जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $५=१ करा. मग पिन शांतपणे ग्राउंडला बांधलेली राहते, आणि तार तुटली तरी मशीन थांबतं, जे नेमकं हवंच आहे. प्रत्येक लिमिट पिनला ५ व्होल्टकडे ४.७ किलोओहम आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. केबल शिल्डेड घ्या. शिल्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ करा, दोन्ही टोकांना नाही. राउटरची वायर फ्रेमच्या दुसऱ्या बाजूने न्या. एवढ्याने बहुतेक वेळा थांबतं. $२१=० करून हार्ड लिमिट बंद करण्याचा सल्लाही मिळेल, तो घेऊ नका.

शील्ड वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. तिसऱ्या आवृत्तीची शील्ड जुन्या जीआरबीएलसाठी आखलेली आहे. ०.९ पासून झेडची लिमिट पिन ११ वरून १२ वर गेली. म्हणून झेडचा स्विच ‘झेड’ लिहिलेल्या जागी नाही, तर ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या जागी जोडायचा.

प्रश्न (सोलापूर) : पॅरलल पोर्टचा जुना डेस्कटॉप पडून आहे. त्यावर भागेल का?

उत्तर : भागेल, आणि चांगलं भागेल. लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. आधी त्यातली लेटन्सी (कॉम्प्युटरला होणारा उशीर मोजणारी) चाचणी लावा आणि ती चालू असताना फाइल कॉपी करा, खिडक्या हलवा, म्हणजे कॉम्प्युटरवर भार येईल. सर्वाधिक जिटर (वेळेतली चुकामूक) २०,००० नॅनोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम. एक लाखाच्या वर गेला तर त्या कॉम्प्युटरचा नाद सोडा. विंडोजवरचं मॅक३ हवं असेल तर त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ३२ बिट विंडोजवरच चालतो, हे लक्षात घ्या. यूएसबीवरून पॅरलल पोर्ट करणारी केबल दोन्हींत निरुपयोगी आहे, ती प्रिंटरपुरतीच. पीसीआय कार्ड चालतं. पोर्ट आणि मोटरचे ड्रायव्हर यांच्यात ऑप्टो (सिग्नल प्रकाशाने पोचवून दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) असलेला ब्रेकआउट (जोडणीचा) बोर्ड हवाच.

प्रश्न (ठाणे) : ईएसपी३२ बोर्डवर फ्लुइडएनसी (जीआरबीएलसारखं सॉफ्टवेअर) टाकलं. वायफायवरून छान चालतं, पण डीएम५४२ मधूनमधून स्टेप चुकवतो.

उत्तर : ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्ट देते आणि ड्रायव्हरचा ऑप्टो ५ व्होल्टसाठी आखलेला असतो. कधी पेटतो, कधी अर्धवट. मध्ये ५ व्होल्टवर चालणारी ७४एचसीटी२४५ चिप घाला, काही रुपयांचं काम आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मागताना ‘एचसीटी’ स्पष्ट सांगा. नुसती ‘एचसी’ दिली तर तिला ५ व्होल्टवर ‘चालू’ समजायला साडेतीन व्होल्ट लागतात आणि अडचण जिथल्या तिथे राहते.