रेडिएशनने लस करायची म्हणते, कुठे ॲडमिशन घेऊ?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. कॉलेजची सहल लासलगावच्या कांदा विकिरण केंद्रात गेली होती, तेव्हापासून ‘रेडिएशनने जंतू मारून लस करायची’ हे तिने डोक्यात घेतलंय. असा कोर्स कुठे आहे? आणि मुलीच्या जातीला रेडिएशनचं काम म्हणजे घरात काळजी वाटते.
– एक आई, निफाड तालुका

ताई,
असा कोर्स नाही. बारावीनंतर कुणी ‘रेडिएशन बायोटेक’ असं काही नाव सांगून फी मागितली, तर चहा पाजून वाटेला लावा.

मुलगी म्हणते ते शास्त्र मात्र खरं आहे. लशीसाठी जंतू मारायचा, पण त्याचं बाहेरचं रूप शाबूत ठेवून, कारण शरीर त्यावरूनच त्याला ओळखायला शिकतं. हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगच्या लशीसाठी जंतू तापवून मारले. पुढे साल्कच्या पोलिओ लशीत फॉर्मॅलिन आलं, कोव्हॅक्सिनमध्ये बीटा-प्रोपिओलॅक्टोन. रसायनाने जंतूची प्रथिनंही थोडीफार बदलतात. गॅमा किरण आरपार जाऊन जनुकांचे तुकडे करतात, वरची प्रथिनं बरीचशी तशीच राहतात. अडचण पाण्याची असते. किरणांमुळे पाण्यातून जे मोकळे मूलक सुटतात, म्हणजे फ्री रॅडिकल, ते प्रथिनांची नासधूस करतात. म्हणून नमुना ड्राय आइसवर गोठलेला ठेवूनच किरण देतात.

किरणांची मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे पुरतात. सिरिंजा निर्जंतुक करायला २५,००० ग्रे, आणि विषाणूंचा हिशेबही हजारांतच. जंतूचा जनुकसाठा जितका छोटा, तितका नेम लागणं कठीण, म्हणून मात्रा जास्त.

आता काळजीचं. विकिरणाने कांदा किरणोत्सारी होत नाही, तशी लसही होत नाही. गॅमा किरण देणारा कोबाल्ट-६० जाड काँक्रीटच्या भिंतींआड असतो, काम करणाऱ्याच्या छातीवर अंगावर किती किरण पडले ते मोजणारा टीएलडी बॅज असतो आणि तो ठरावीक मुदतीने तपासला जातो. मला विचाराल तर खरी धास्ती जंतूची धरावी: किरण देण्याआधी तो जिवंत असतो आणि नंतर तो सगळा मेलाय हे सिद्ध करावं लागतं. १९५५ साली अमेरिकेत पोलिओ लशीच्या काही बॅचमध्ये जिवंत विषाणू राहून गेला आणि मुलं लुळी पडली. हे तपासण्याचं काम ज्याला जमतं, त्याला लस कंपन्यांत मागणी असते, मग जंतू कशानेही मारलेला असो.

म्हणून आधी मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. मग पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) विषाणूशास्त्राची एम.एस्सी., किंवा एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलची परीक्षा. बारावीनंतरची नेस्ट ही प्रवेश परीक्षा देऊन मुंबईच्या सीईबीएस या विज्ञान संस्थेत थेट पाच वर्षांच्या एम.एस्सी.लाही जाता येतं. जनावरांची आवड असेल तर व्हेटर्नरीही बघा. गुरांच्या फुप्फुसातल्या जंतांवर, किरणांनी अधू केलेल्या अळ्यांची लस ब्रिटनमध्ये १९५९ पासून विकली गेली. माणसांच्या रोजच्या लशी अजून तरी अशा बनत नाहीत, हेही तिला सांगा.

एक करा. त्या केंद्रात तिने माहिती देणाऱ्याला काय काय विचारलं, ते तिला विचारा. सगळे प्रश्न यंत्राचे असतील तर तिची वाट फिजिक्सची आहे. कांद्याच्या आत काय झालं असं विचारलं असेल, तर वर लिहिलेलं सगळं तिच्यासाठी. मग मला पुन्हा लिहा.