कोल्हापूरहून आईला घेऊन बोधगयेला जायचं आहे. तिथलं नेमकं महत्त्व काय?

आईंना जरूर न्या. सिद्धार्थ गौतमाला जिथे संबोधी, म्हणजे संपूर्ण ज्ञान, प्राप्त झाली आणि तो बुद्ध झाला, ती ही जागा. बुद्धांच्या जीवनाशी जोडलेली लुंबिनी, सारनाथ आणि कुशीनगरही तितकीच पूज्य, पण धम्माची सुरुवात इथून झाली, म्हणून माझ्या मते पहिला मान बोधगयेचा.

महाबोधी मंदिराच्या मागच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला बोधिवृक्ष आहे, ज्याच्याखाली ही संबोधी झाली ते झाड. मूळ झाड आता नाही. आजचा पिंपळ त्याच्याच वंशातला मानतात. त्याखाली वज्रासन, ही दगडी बैठक सम्राट अशोकाच्या काळातली. तिथे घाई करू नका. भिक्खू फळ्यांवर साष्टांग दंडवत घालत असतात, आणि गळून पडलेलं पान मिळावं म्हणून माणसं तासन् तास थांबतात. उत्तरेकडे भिंतीलगत दगडी कमळांची रांग दिसेल. संबोधीनंतर बुद्धांनी सात आठवडे याच परिसरात घालवले. त्यातल्या तिसऱ्या आठवड्यात ते जिथे चालले, ती ही वाट. 2002 पासून हे मंदिर जागतिक वारसा यादीत आहे.

मोबाईल आत चालत नाही, तो बाहेर ठेवावा लागतो. उन्हाळा कडक असतो, आईंसाठी थंडीचे दिवस बघा. वैशाख पौर्णिमेचा सोहळा मोठा, पण उकाडा आणि गर्दीही तेवढीच.

आणि निघण्याआधी एखादा रविवार काढून जोतिबाजवळची पोहाळ्याची बौद्ध लेणी आईंना दाखवा. आपल्याच जिल्ह्यात आहेत, तरी फार कमी लोक तिकडे वळतात, याचं वाईट वाटतं.