१६ वर्षांचा मुलगा गांजा ओढतो. मानसिक तपासणीत नेमकं काय करतात?

लघवीची टेस्ट हा त्यातला लहानसा भाग. गांजा ओढलाय एवढंच ती सांगते, का ओढतो ते नाही. म्हणून डॉक्टर तुम्हाला बाहेर बसवून मुलाशी एकट्याशी बोलतात. (राग येईल, पण बसा.) बरेच जण 'क्राफ्ट' ही प्रश्नावली वापरतात: एकटा असताना ओढतोस का? नशेत काय केलं ते विसरतोस का? नशा केलेल्या कुणाच्या गाडीवर बसलायस का? मग झोप, अभ्यास, नैराश्य, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) यांबद्दल विचारतात. कधी उदासी आधीची असते, गांजा नंतरचा. आत्महत्येचे विचार येतात का, हेही थेट विचारतात; दचकू नका, विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. कुठे जायचं कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात.