‘ग्लुकोज ऑक्सिडेज’ला मराठीत काय म्हणावं?

नागपूरच्या धंतोलीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मधुमेही रुग्णांसाठी त्या मराठी माहितीपत्रक लिहून राहिल्या आहेत. शुगर तपासायच्या पट्ट्यांच्या कागदावर ‘ग्लुकोज ऑक्सिडेज’ असं छापलेलं. त्याला ‘शर्करा-जारक वितंचक’ म्हटलं तर चालेल का?

ताई, ‘वितंचक’ म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारा पदार्थ; हा माझा फार लाडका शब्द. संस्कृतात ‘आतंचन’ म्हणजे विरजण, आणि ‘तंच्’ धातू दूध घट्ट होण्याचा. क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने 1870च्या दशकात ‘एन्झाइम’ शब्द रूढ केला, तोही ‘आंबवणातलं’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून. महाल भागातल्या घरी आई रात्री कोमट दुधात चमचाभर दही फिरवायची आणि सकाळी पातेलंभर कवडी दही तयार असायचं. ‘वितंचक’ म्हटलं की मला ते पातेलं दिसतं. तरीही पत्रकात एन्झाइमसाठी ‘विकर’च लिहा. शाळेच्या पुस्तकांमुळे तो शब्द घरोघरी पोचलाय.

‘शर्करा’ मात्र नको. आपण चहात घालतो ती साखर म्हणजे सुक्रोज, आणि हे विकर तिच्याकडे जवळजवळ ढुंकूनही पाहत नाही. त्याला ग्लुकोजच लागतं, म्हणून तर रक्तातलं ग्लुकोज नेमकं मोजता येतं. ‘शर्करा’ लिहिलं की हा नेमकेपणाच गेला.

‘जारक’ म्हणजे ऑक्सिडीकरण करणारं, पण मराठी कानाला त्याने जाळणं आठवतं. पट्टीवर जळत काहीच नाही. विकर ग्लुकोजकडून हायड्रोजन काढून घेतं आणि ऑक्सिजनला देतं, हेच ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ग्लुकोजचं शेवटी ग्लुकॉनिक आम्ल होतं. (मधमाश्याही हेच विकर मधात मिसळतात, मध जंतूंना दाद देत नाही, त्यात या पेरॉक्साइडचाही हात आहे.)

‘ऑक्सिडेज’ तसंच राहू द्या. 1833मध्ये सापडलेल्या ‘डायस्टेज’वरून विकरांच्या नावांना हा ‘-एज’ लागला: लायपेज, अमायलेज, लॅक्टेज. म्हणजे शेपटातच ‘विकर’ आहे. वेगळा शब्द पहिल्या उल्लेखात एकदा दिला की पुरे. ‘ऑक्सिडीकरण’मध्ये ‘डी’ दीर्घ, शुद्धीकरणासारखी.

मी वाक्य असं लिहीन: ‘पट्टीवरचं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर रक्तातल्या ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण घडवून आणतं, त्यावरून यंत्र तुमची शुगर सांगतं.’ शेवटचा ‘शुगर’ बदलू नका. दवाखान्यात येणारी आजी तोच शब्द बोलते.