इंजिन लहान, गाडी वेगवान?

प्रश्न : आतेभावाशी पैज लागलीय. तो म्हणतो, पोर्शे बॉक्सस्टर 1996 साली शून्य ते शंभर 6.9 सेकंदांत जायची, 2016 ची 718 बॉक्सस्टर 4.7 सेकंदांत जाते. पण इंजिन तर 2.5 लिटर, सहा सिलिंडरवरून 2 लिटर, चार सिलिंडरवर आलं! मग गाडी पळते कशी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आतेभावाचे दोन्ही आकडे खरे, जोडी मात्र चुकीची लावलीय. 6.9 सेकंद ही पाच गिअरची मॅन्युअल गाडी. 4.7 सेकंद ही पीडीके, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, तीही वर पैसे मोजून स्पोर्ट क्रोनो, म्हणजे जोरात सुटायला मदत करणारं पॅकेज घेतलेली. मॅन्युअल 718 ला 5.1 लागतात. मधले 0.4 सेकंद इंजिनच्या खात्यावर कशाला मांडायचे? बेस मॉडेलशी बेस, मॅन्युअलशी मॅन्युअल लावा: 1996 ची 986 पिढी 6.9, 2004 ची 987 पिढी 6.2, 2012 ची 981 पिढी 5.8 आणि 2016 ची 718 5.1. एकदम उडी कुठेच नाही, दर पिढीला थोडं थोडं.

आता लहान इंजिनाचं. 718 ला टर्बो आहे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. ताकद 204 अश्वशक्तीवरून 300 वर गेली, वजन मात्र 1,250 किलोवरून 1,335 वरच थांबलं. टनामागे 163 अश्वशक्ती होती, ती 225 झाली. पण माझ्या मते खरी गंमत टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोरात आहे. जुनं इंजिन 245 न्यूटन मीटर द्यायचं, तेही 4,500 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे झाल्यावर. 718 देते 380, आणि 1,950 पासूनच! यवतेश्वरच्या घाटात वळणातून दुसऱ्या गिअरवर बाहेर पडताना काटा अडीच हजारावर असतो. तिथे 718 लगेच ओढते, जुनीला गिअर पाडून रेस करावी लागते. शिवाय कासच्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे बिनटर्बोच्या इंजिनाची दहाएक टक्के ताकद वरच्या वरच जाते. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. हे शून्य ते शंभरच्या आकड्यात दिसत नाही.

इंजिन मध्यभागी असल्याचा फायदा वळणावर. उसाची बैलगाडी भरणाऱ्याला विचारा, धुरजड झाली की बैलांच्या मानेवर भार, उलाळ झाली की पुढून उचलते. वजन दोन चाकांच्या जोड्यांमध्ये आलं की गाडी वळायला आढेवेढे घेत नाही. पण हे चारही पिढ्यांत सारखंच, त्यामुळे पैजेत त्याचं श्रेय कुणालाच देऊ नका.

कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपात पोरं हाच वाद घालतात आणि सगळी 718 च्या बाजूने असतात. मी एकटा 981 वाला. 2.7 लिटर, सहा सिलिंडर, 265 अश्वशक्ती, आणि ती पुरी मिळते 6,700 आरपीएमला. काटा तिथवर चढताना जो आवाज येतो तो चार सिलिंडरला काढता येत नाही, टर्बो कितीही लावा. पोर्शेलाही ते पटलं असावं. 2020 च्या 718 जीटीएस मध्ये 4 लिटरचं बिनटर्बो, सहा सिलिंडरचं इंजिन परत आलं, 400 अश्वशक्तीचं. आतेभाऊ आता तिचा आकडा पुढे करतील. घेऊ नका, ती बेस मॉडेल नव्हे.