हरल्यानंतरचे अल गोर

प्रश्न : अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर पुढे मोठे बिझनेसमन झाले असं वाचलं. सगळी उमेद राजकारणात गेलेल्या माणसाला पन्नाशीनंतर हे जमलं कसं? की नुसत्या ओळखींवर पैसा केला?

उत्तर : प्रश्न आवडला, कारण गोर म्हटलं की लोकांना २००० सालची ती निवडणूक तेवढी आठवते, पुढचं कोणी विचारतच नाही.

वडील टेनेसीचे सिनेटर, म्हणजे राजकारण घरातलंच. हार्वर्डला शिकले, व्हिएतनाममध्ये लष्करी पत्रकार होते, मग नॅशव्हिलच्या पेपरात बातमीदारी केली आणि १९७६ ला २८ व्या वर्षी अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे तिथल्या काँग्रेसवर निवडून आले. पुढे सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, आणि १९९३ पासून आठ वर्षं क्लिंटन यांचे उपराष्ट्राध्यक्ष.

आता ती निवडणूक. अध्यक्षपदासाठी एकीकडे गोर, समोर रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश. मतमोजणीच्या रात्री त्यांनी बुश यांना फोन करून हार मान्य केली, नॅशव्हिलमध्ये भाषण करायला गाडीतून निघालेसुद्धा, आणि वाटेत कळलं की फ्लोरिडातला फरक भराभर कमी होतोय, मग परत फोन केला की मघाशी बोललो ते मागे घेतो! पुढे ३६ दिवस फेरमोजणीचे खटले चालले, सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ असा बुश यांच्या बाजूने निकाल लागला. देशभरात मतं जवळपास साडेपाच लाखांनी जास्त, पण फ्लोरिडात ५३७ नी कमी, आणि तिथे अध्यक्ष देशभरच्या बेरजेवर नाही तर राज्यवार निकालावर ठरतो, म्हणून अध्यक्षपद गेलं. आणि ६ जानेवारी २००१ ला संसदेत राज्यांच्या मतांची अधिकृत मोजणी झाली, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने स्वतःच्याच पराभवाच्या मोजणीला अध्यक्ष म्हणून तेच बसले होते. त्यांच्याच पक्षाचे खासदार एकामागून एक हरकत घ्यायला उठत होते, पण नियमाप्रमाणे सोबत एका सिनेटरची सही लागते ती कोणाकडेच नव्हती, आणि गोर यांनी प्रत्येक हरकत फेटाळली. कोणाच्या बाजूने फेटाळतोय हे माहीत असून. मला तर हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस वाटतो.

आता ओळखींचं. फायदा झालाच, उगाच नाही कशाला म्हणायचं. २००१ ला गुगलचे सल्लागार झाले, २००३ ला ॲपलच्या संचालक मंडळावर गेले (तेव्हा आयफोन यायला चार वर्षं होती) आणि २०२४ पर्यंत राहिले. उपराष्ट्राध्यक्ष नसते तर ही दारं उघडली नसती. पण २००४ ला डेव्हिड ब्लड या गोल्डमन सॅक्स नावाच्या बड्या बँकेतल्या जाणकाराबरोबर त्यांनी जनरेशन इन्व्हेस्टमेंट मॅनेजमेंट ही गुंतवणूक कंपनी काढली, तिथे नुसती ओळख पुरली नसती. कंपनीत पैसे घालताना ताळेबंद तर बघायचाच, पण ती पर्यावरणाशी, कामगारांशी कशी वागते हेही त्याच हिशेबात धरायचं, आणि तिमाहीचा नाही तर लांबचा विचार करायचा. हवामान बदलावर हा माणूस तरुणपणी खासदार असल्यापासून बोलत होता, त्यामुळे धंद्याची कल्पना उसनी नव्हती. हवामान बदलावरच्या कामासाठी २००७ चं शांततेचं नोबेलही मिळालं, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीबरोबर विभागून.

एक गोष्ट मात्र मला आजही खटकते. २००५ ला सुरू केलेलं करंट टीव्ही हे चॅनेल जानेवारी २०१३ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलरला अल जझीरा या वृत्तवाहिनीला विकलं. अल जझीराच्या मागे कतार सरकारचा पैसा, आणि तो येतो तेल आणि गॅसमधून. आयुष्यभर ज्याच्या विरोधात बोललात त्याच पैशाने व्यवहार? टीका झाली आणि ती रास्तच होती. मी त्यांना मानतो, तरी इथे त्यांची बाजू मला घेता येत नाही.

प्रश्न : मग ते परत उभे का नाही राहिले? लोकांची सहानुभूती तर होती.

उत्तर : होती ना, भरपूर होती. पण डिसेंबर २००२ मध्ये त्यांनी टीव्हीवर सांगून टाकलं की २००४ ला लढणार नाही, कारण बुश यांच्याशी परत सामना झाला तर सगळी चर्चा मागच्याच गोष्टींवर होईल. त्यानंतर ते कुठल्याच निवडणुकीला उभे राहिले नाहीत.