गोव्यातल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवायचं आहे. पुस्तक वाचून दाखवण्यापलीकडे वर्गात नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नेट होऊन नुकतेच लेक्चर-बेसिसवर (तासाप्रमाणे मानधनावर) लागलात, वर्गात साठ मुलं आहेत आणि त्यांचं पालुपद एकच: "सर, हे तर आम्हाला माहीतच आहे." हे पालुपद हसण्यावारी नेऊ नका. या विषयाची खरी अडचण तीच आहे. रसायनशास्त्राच्या वर्गात कुणी घरून मत घेऊन येत नाही; आपल्याकडे प्रत्येक जण माणसं ओळखण्याचा अठरा वर्षांचा अनुभव घेऊन बाकावर बसतो. निष्कर्ष सांगितला की तो ओळखीचा वाटतो, आणि उलटा सांगितला असता तर तोही तितकाच ओळखीचा वाटला असता.

म्हणून निष्कर्ष सांगण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज कागदावर लिहून घ्या. तोंडी विचारू नका. पहिल्या बाकावरची मुलगी बोलली की बाकीचे माना डोलावतात.

पहिल्याच तासाला हा प्रश्न टाका: एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर कुणाला जास्त आठवेल? बहुतेक मुलं दोनदा वाचणाऱ्यांच्या बाजूने लिहितील. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर दोनदा वाचणारे खरंच पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र पारडं फिरलं: ४२ विरुद्ध ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून "सगळं येतंय" असं का वाटतं, ते या दोन जोड्यांत दिसतं. मग हाच शोध स्वतःच्या तासाला लावा. दर तासाची पहिली पाच मिनिटं मागच्या आठवड्यावरचे तीन प्रश्न, वही बंद, गुण नाहीत. गुण ठेवलेत तर मुलं शेजारच्याचं बघून लिहितील आणि आठवण्याची मेहनत, जिच्यासाठी हा खटाटोप, तीच टळेल.

स्मृतीच्या प्रकरणासाठी सगळ्यांत भरवशाचं प्रात्यक्षिक म्हणजे खोट्या आठवणीचं. ही यादी दोन सेकंदांना एक शब्द या वेगाने, एकाच सुरात वाचा: गादी, उशी, पांघरूण, चादर, रात्र, स्वप्न, जांभई, डुलकी, पेंग, घोरणं, अंगाई, पाळणा, थकवा, विसावा, जाग. लगेच ३० सेकंद ३००मधून तीन-तीन वजा करत उलटे आकडे लिहायला लावा. मग दोन मिनिटं आठवतील ते शब्द लिहायचे, अंदाजाने भर घालायची नाही. त्यानंतर चार शब्द एकेक करून विचारा: अंगाई, नारळ, झोप, उशी. प्रत्येकापुढे हो किंवा नाही, आणि खात्री १ ते ५. "झोप" यादीत नाही, तरी बरेच जण ते छातीठोकपणे "हो" म्हणतील. रोडिगर-मॅकडरमॉट यांच्या १९९५च्या पहिल्या प्रयोगात असा न सांगितलेला शब्द सुमारे ४० टक्के वेळा आठवला गेला होता. "नारळ" मुद्दाम ठेवायचा. त्याला कुणी हो म्हणत नाही, म्हणजे मुलं डोळे मिटून "हो" लिहीत नव्हती हे सिद्ध होतं. नियंत्रण कशासाठी असतं, ते इथे एका शब्दात समजतं.

हे फसतं ते बहुधा तीन कारणांनी. यादी घाईने वाचली जाते. सूचना देताना तुमच्याच तोंडून "झोप" निघतं. किंवा कुणीतरी रीलवर हे आधीच पाहिलेलं असतं. तिसऱ्यासाठी आधी विचारून घ्या आणि त्या मुलांना निरीक्षक करा. वर्गात सासष्टी तालुक्यातली, मराठी न वाचलेली मुलं बरीच असतील तर यादी इंग्रजीत घ्या. कच्च्या भाषेत शब्दांचं जाळं तेवढं घट्ट नसतं.

प्रात्यक्षिकाच्या तासाला स्ट्रूप चाचणी (शब्द न वाचता त्याच्या शाईचा रंग सांगायचा) हवीच, आणि गोव्यात तर ती इतर ठिकाणांहून जास्त रंगते. दोन कागद करा: एकावर ४० रंगीत चौकोन, दुसऱ्यावर रंगांची ४० नावं, प्रत्येक नाव भलत्याच शाईत. चार रंग, प्रत्येक दहा वेळा, लागोपाठ एकच रंग नको. लाल, निळा, हिरवा, तपकिरी घ्या. पिवळा पांढऱ्या कागदावर ट्यूबलाइटखाली दिसत नाही. झेरॉक्सवाल्याला रंगीत प्रत हवी हे ठासून सांगा, नाहीतर काळेपांढरे साठ कागद हातात येतील आणि तास संपेल. जोड्या करा, एक जण शाईचा रंग मोठ्याने सांगेल, दुसरा मोबाइलवर वेळ घेईल आणि चुका मोजेल. अर्ध्या जोड्यांनी चौकोन आधी करायचे, अर्ध्यांनी शब्द आधी, नाहीतर सरावाचा परिणाम मिसळतो. लाल-हिरवा भेद न कळणारा कुणी असला तर त्याला वेळ घ्यायला बसवा, कारण सांगायला लावू नका. स्ट्रूपच्या मूळ १९३५च्या प्रयोगात १०० चौकोनांना सरासरी ६३ सेकंद लागले होते, विसंगत शब्दांना ११०.

आता गोव्याची गंमत. एक संच देवनागरीत करा, एक रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत (तांबडो, निळो, पाचवो), एक इंग्रजीत. जी लिपी झरझर वाचता येते तीच जास्त आड येते. स्वतःची वेळ पाहून मुलांना वाचन आपोआप घडतं म्हणजे काय ते कळतं, आणि लिपीवरून इथे जेवढे वाद होतात त्यापेक्षा हा निकाल बराच निमूटपणे स्वीकारला जातो.

जर्नलची नक्कल हा वेगळा रोग. मागच्या वर्षीची वही उतरवून काढतात. कच्च्या आकड्यांच्या कागदावर त्याच तासाला सही करा आणि तो कागद जर्नलला जोडल्याशिवाय तपासू नका.

संशोधन पद्धती शिकवताना पणजीला जुन्या सचिवालयाजवळच्या पुतळ्यापासून सुरुवात करा. आबे फारिया, संमोहनाचा अभ्यास करणारे गोव्याचे पाद्री, जन्म १७५६, कांदोळी. आधी मेस्मर या डॉक्टरची गोष्ट: शरीरातला चुंबकी द्रव रोग बरे करतो हा त्याचा दावा. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या आयोगाने, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिएही होते, एका मुलाला डोळे बांधून झाडांपाशी नेलं. तो "भारलेल्या" झाडापाशी नव्हे, भलत्याच झाडापाशी कोसळला. इथे थांबा आणि विचारा, यावरून काय ठरतं, काय ठरत नाही? द्रव नाही हे दिसलं; पण मुलगा कोसळला तो कशाने? पुढे पॅरिसमध्ये फारियाने उत्तर दिलं की कारण संमोहन करणाऱ्याच्या हातात नाही, समोरच्याच्या मनात आहे. अंध चाचणी (खरं कुठलं ते न कळू देता तपासणं) आणि प्लासिबो (नुसत्या विश्वासाने होणारा परिणाम) या दोन्ही कल्पना या एका तासात बसतात.

अभिसंधानात (कंडिशनिंगमध्ये) दरवर्षी एकच गोंधळ होतो: ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा. गाडीचा पट्टा लावला की टूंटूं थांबतं, म्हणून पट्टा लावणं वाढतं, हे ऋण प्रबलन. वाहतूक पोलिसाची पावती ही शिक्षा. चल-गुणोत्तर योजनेसाठी (बक्षीस कितव्या प्रयत्नाला मिळेल ते बदलत राहतं) उंदीर सोडा आणि मांडवीतल्या कॅसिनोंचं स्लॉट मशीन घ्या. कितव्या दाबाला लागेल ते ठाऊक नाही, म्हणून माणूस उठत नाही.

वर्गात चालतील असेच प्रयोग निवडा. वार्धक्याशी जोडलेले शब्द वाचले की माणूस हळू चालतो, हा १९९६चा प्रसिद्ध निष्कर्ष २०१२मध्ये पुन्हा करून पाहिला तेव्हा मिळाला नाही. २०१५मध्ये १०० प्रयोगांच्या पुनरावृत्तीत सुमारे ३६ टक्क्यांतच सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निकाल आला. हे पहिल्या वर्षालाच सांगा. लपवलंत तर तिसऱ्या वर्षी ते इंटरनेटवरून कळतं आणि मग सगळाच विषय भोंगळ वाटतो. "प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी, म्हणून शिकवणंही तसंच वेगळं हवं" हेही याच यादीत घाला, बी.एड.च्या तासांना अजून शिकवतात, त्याला पुरेसा आधार नाही.

मनोविकारांचं प्रकरण सुरू झालं की मुलं स्वतःत आणि मैत्रिणीत लक्षणं शोधू लागतात. पहिल्याच दिवशी सांगा: वर्गातल्या कुणाचं, घरच्यांचं किंवा नटनट्यांचं निदान करायचं नाही. प्रत्येक लक्षणासोबत किती दिवस आणि रोजच्या कामात किती अडथळा, हे दोन प्रश्न जोडा, म्हणजे परीक्षेआधीची चिंता आणि चिंताविकार वेगळे पडतात. बुद्धिमत्ता किंवा व्यक्तिमत्त्व चाचणीचे गुण वर्गात कधीही वाचून दाखवू नका. मानकं (ज्यांच्याशी गुण ताडायचे ते आकडे) परदेशी असतील तर ते आकडे सरावापुरतेच.

तास संपल्यावर कुणीतरी मागे रेंगाळेल आणि "माझी एक मैत्रीण आहे..." असं सुरू करेल. ऐकून घ्या, पण समुपदेशक होऊ नका. तुम्ही तिला गुणही देणार आहात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि बांबोळीच्या आयपीएचबी या मनोरुग्णालयाचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात सत्रभर लिहून ठेवा, म्हणजे तो विचारायला कुणाला मागे थांबावं लागणार नाही.